एक ग्रेन दारूचा हिशेब

१८५७ सालच्या काडतुसांची गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे. कागदी काडतूस, त्याला लावलेली चरबी, ते दातांनी फोडायचा हुकूम आणि बराकपूरचे मंगल पांडे. आपले पूर्वज कोकणातून आणि घाटावरून जहाजात बसून या बेटावर येत होते, त्याच काळातली ही हकिकत आहे. पण ते काडतूस ज्या बंदुकीसाठी केले होते, त्या एनफील्ड रायफलचे पुढे काय झाले, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. बंडाची ठिणगी पडली त्याच वसंतात, १८५७ च्या एप्रिलमध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हाइथ या गावी हीच एनफील्ड एका नव्या बंदुकीपुढे साफ हरली. ५०० यार्डांवरून तिच्या गोळ्या मध्यापासून सरासरीने सव्वादोन फूट भरकटत होत्या. नव्या बंदुकीच्या गोळ्या साडेचार इंचांच्या आसपास राहिल्या.

ही नवी बंदूक घडवणारा माणूस शिकारी नव्हता आणि शिपाईही नव्हता. मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ, ज्याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एकच माप ठरवून दिले, तोच हा गृहस्थ. सरकारने त्याला १८५४ साली विचारले, की बंदुका बनवण्याची यंत्रे तू करून देशील काय? त्याचे उत्तर मला फार आवडते. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की उत्तम नळी कशाला म्हणावे हेच अजून कोणी तपासलेले नाही. ते आधी तपासू, मग यंत्रांचे पाहू. त्यासाठी त्याने आपल्या घराजवळ ५०० यार्ड लांबीची एक बंदिस्त पडवी बांधून घेतली. वाऱ्याचा उपद्रव होऊ नये हा हेतू. पहिली पडवी वादळात कोसळली, ती पुन्हा उभारली. आत ठराविक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी गेली की प्रत्येक पडद्यावर एक भोक पडे आणि ती भोके ओळीने पाहिली की गोळीचा सारा प्रवास डोळ्यांसमोर उभा राही.

व्हिटवर्थला एक अट होती. गोळीचे वजन आणि दारूचे वजन एनफील्डइतकेच ठेवायचे. (दारू म्हणजे येथे बंदुकीची दारू, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) मग बदलायचे काय? त्याने नळीचे भोक ०.५७७ इंचांवरून ०.४५१ इंचांवर आणले, म्हणजे गोळी सडपातळ आणि लांब झाली. नळीतल्या आट्यांचा पीळ एनफील्डमध्ये ७८ इंचांत एक फेरा घेई, तो त्याने २० इंचांत एक फेरा इतका घट्ट केला. भोवरा जोरात फिरवला तर ताठ उभा राहतो, मंद फिरवला तर डोलतो. लांब गोळीचेही तसेच आहे. लष्कराने ही बंदूक घेतली नाही. महाग आहे आणि बारीक नळीत काजळी लवकर साचते, ही त्यांची कारणे होती. पण १८६० च्या जुलै महिन्यात राणी व्हिक्टोरियाने विम्बल्डनच्या माळावर राष्ट्रीय नेमबाजी संघाच्या पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन केले, ते व्हिटवर्थच्याच रायफलने. बंदूक लोखंडी बैठकीवर पक्की बसवली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्याजवळच गोळी लागली. १८९० साली हा मेळावा सरे परगण्यातल्या बिझली येथे गेला आणि आजही तेथेच भरतो.

इतके जुने पुराण सांगितले याचे कारण आहे. ब्रिटनमध्ये आजही हजारो माणसे आपापल्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये बसून लहान प्रमाणावर व्हिटवर्थचेच काम करतात. ते आपल्या रायफलीची काडतुसे स्वतःच्या हाताने भरतात.

माझे धाकटे काका १९७० च्या दशकात परिचारक म्हणून इंग्लंडला गेले, तसे आपल्याकडचे कितीतरी लोक गेले. निवृत्त झाल्यावर ते वेल्सच्या सीमेजवळ श्रॉपशरमध्ये राहू लागले. मेंढ्यांचा मुलूख. मी सुटीत गेलो तेव्हा काकांचे शेजारी, सत्तरीचे एक मेंढपाळ, मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही गणित शिकवता ना? मग माझी वही पाहा.” त्या वहीत चौदा वर्षांचा हिशेब होता.

मार्च-एप्रिलमध्ये तेथे मेंढ्या वितात. रात्री कोल्हे येतात आणि नुकतीच जन्मलेली कोकरे उचलतात. कुत्र्यांच्या झुंडी घेऊन कोल्ह्यामागे धावण्यावर स्कॉटलंडमध्ये २००२ साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली, पण रायफलने कोल्हा मारण्यास मनाई नाही. त्यासाठी लहान कॅलिबरची, म्हणजे ०.२२ इंच गोळीची पण मोठ्या पितळी पुंगळीची रायफल वापरतात. गोळी अडीच ते साडेतीन ग्रॅमची, वेग सेकंदाला नऊशे मीटरांच्या पुढे. आपल्याकडे हरणांच्या हंगामात, ज्याला आपण क्रेओलमध्ये लासास म्हणतो, जी काडतुसे वापरतात त्यांच्यापुढे ही खेळण्यासारखी दिसतात. पण लक्ष्यही लहान असते. रात्रीच्या अंधारात, दोनशे पावलांवर, कोल्ह्याच्या छातीचा मर्मभाग म्हणजे बशीएवढा. नेम चार बोटे चुकला तर जनावर जखमी होऊन कुंपणाखाली शिरते आणि दोन-तीन दिवस तडफडून मरते. म्हातारबुवा म्हणाले, “मला कोल्ह्याचा राग नाही. तो आपल्या पिलांसाठी येतो, मी माझ्या कोकरांसाठी जातो. पण जखमी कोल्हा रात्रभर ओरडताना मी एकदा ऐकला आहे.” काडतुसे हाताने भरण्यामागचे त्यांचे खरे कारण एवढेच होते. पैसे वाचतात असे लोक सांगतात, पण यंत्रे, काटे आणि मोजपट्ट्या विकत घेतल्यावर फारसे काही वाचत नाही असे माझे मत झाले.

आता काम कसे चालते ते सांगतो. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी ठिणगीची टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. एकदा उडवल्यावर पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या खोबणीचा तंतोतंत आकार घेते. ती साफ करायची, जुनी टोपी ठोकून काढायची, पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, लांबी वाढली असेल तर तोंड कातरायचे. मग नवी टोपी, मोजलेली दारू आणि शेवटी गोळी दाबून बसवायची. प्रत्येक पायरीवर माप आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या आजीच्या वेळचे सोनार ज्या गुंजेने सोने तोलत, तिचे जवळजवळ दोन ग्रेन होतात. म्हातारबुवांचा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवी, म्हणजे गुंजेचा विसावा हिस्सा! साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी तोलताना आपली माणसे किती बारकाईने पाहतात ते आठवा, आणि मग हा काटा डोळ्यांपुढे आणा.

गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, हा दुसरा प्रश्न. बसवलेल्या गोळीचा खांदा आणि नळीतल्या आट्यांची सुरुवात यांच्यामध्ये थोडी फट राहते. ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. माणसाचा केस अशा तीन-चार भागांएवढा जाड असतो. काही नळ्यांना कमी फट मानवते, काहींना जास्त. का, ते आधी सांगता येत नाही, गोळ्या उडवूनच पाहावे लागते.

आणि दारू किती? येथे कोणीही आपल्या मनाने आकडा ठरवत नाही. दारू बनवणारे आणि गोळ्या बनवणारे कारखाने प्रत्येक काडतुसासाठी छापील तक्ते देतात. त्यांत किमान वजन असते आणि कमाल वजन असते. किमानापासून सुरुवात करून थोडे थोडे वाढवत जायचे आणि कमालाची रेघ ओलांडायची नाही. एका पुंगळीत दीड ग्रॅमच्या आसपासच दारू असते, पण या जातीच्या काडतुसात दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या वर दाब उसळतो. मोटारीच्या चाकात तो तीसच्या आसपास असतो. दाब वाढू लागला की टोपी चपटी होते, बोल्ट उचलायला जड जातो. अशी खूण दिसली की थांबायचे, तक्ता काहीही म्हणो. बर्मिंगहॅममध्ये १८१३ च्या कायद्याने उभे राहिलेले प्रूफ हाऊस आहे. विकायच्या नळ्या तेथे किंवा लंडनला नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून तपासतात आणि मगच त्यांच्यावर ठसा उमटतो. पण त्या ठशाच्या भरवशावर मर्यादा ओलांडणारा माणूस मूर्खच म्हणायचा.

म्हातारबुवांच्या वहीचा पहिला नियम पाहून माझ्यातल्या शिक्षकाला फार आनंद झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर गोळी तीच, टोपी तीच, खोली तीच. खोली बदलली तर बाकी सारे तेच. शिक्षक प्रशिक्षणात विज्ञानाचा पाठ देताना आम्हाला हेच घोकवले होते. झाडाला पाणी आणि ऊन दोन्ही एकदम बदलले, तर वाढ कशाने झाली ते मुलांना कसे समजावे?

पण वहीचा दुसरा नियम पाहून मी थबकलो. दर वेळी ते तीन गोळ्या उडवत. कागदावर तीन भोके पडतात, त्यांतल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजतात आणि त्याला ग्रूप म्हणतात. शंभर यार्डांवर ग्रूप अर्ध्या इंचाचा आला तर आनंदीआनंद, दीड इंचाचा आला तर ती दारू बाद. अशा दहा वजनांच्या दहा ओळी त्यांनी मांडल्या होत्या आणि एका ओळीभोवती लाल वर्तुळ केले होते. तेच त्यांचे चौदा वर्षांचे आवडते काडतूस.

वाचकहो, येथे थोडे गणित सहन करा, कारण सारी गोम त्यातच आहे. गोळ्या मध्याभोवती दैवयोगाने विखुरतात. तीनच गोळ्या उडवल्या तर त्या योगायोगाने जवळ जवळ पडू शकतात. काडतूस जराही न बदलता तीन-तीन गोळ्यांचे दहा ग्रूप मारले, तर सर्वांत मोठा ग्रूप सर्वांत लहानाच्या तिप्पट निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे दहा वेगवेगळी वजने तीन-तीन गोळ्यांनी तपासून जो विजेता निवडला, तो बहुधा नशिबाने निवडलेला असतो. वर्गातल्या तीस मुलांना तीन-तीन फासे टाकायला सांगा. कोणाची तरी बेरीज बहुधा चार-पाच येईल. म्हणून त्या मुलाला कमी दान टाकण्याची विद्या अवगत आहे असे आपण म्हणू का? त्याला पुन्हा फासे टाकायला लावा, तो इतरांसारखाच निघतो.

दुसरी गोष्ट अशी, की गोळ्यांची संख्या वाढवली की ग्रूप वाढणारच, बंदूक तीच असली तरी. तीन गोळ्यांचा ग्रूप सरासरीने एक इंच येत असेल, तर पाच गोळ्यांचा सव्वा इंच होतो आणि दहा गोळ्यांचा दीड इंचाच्या थोडा वर जातो. म्हणून “माझी रायफल अर्ध्या इंचाची आहे” असे कोणी छाती ठोकून सांगितले, की आधी विचारावे, किती गोळ्यांचा अर्धा इंच? आणि खिशात ठेवलेला तो एकच कागद किती कागदांतून निवडला? अशा बढाया मारणारे लोक तेथे पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडे मासे पकडणारे तरी काय वेगळे बोलतात?

मी हे भीत भीत सांगितले. वयाने वडील, शिवाय पाहुणचार करणारा माणूस. त्यांनी पाइप खाली ठेवला, थोडा वेळ वहीकडे पाहिले आणि म्हणाले, “मग उद्या मोजू.” दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल वर्तुळातले काडतूस आणि त्याच्या खालच्या ओळीतले, पाव ग्रेन कमी दारूचे, अशी दोन्हींची वीस-वीस काडतुसे भरली. काकांनी ती वाटीत कालवली आणि बुडावर खुणा केल्या. मेंढपाळांना पाहू न देता एकेक काडतूस हाती द्यायचे, हे काम माझ्याकडे आले. दर पाच गोळ्यांनंतर नळी थंड होऊ दिली. वाऱ्यासाठी काठीला फडक्याची चिंधी बांधली होती, ती हलली की थांबायचे. असे चाळीस गोळ्यांना जवळजवळ सारी दुपार गेली. शेवटी मध्यापासून प्रत्येक भोकाचे अंतर मोजून दोन्हींच्या सरासऱ्या काढल्या. फरक इतका किरकोळ होता, की त्याला फरक म्हणणे धाडसाचे झाले असते. चौदा वर्षांचे लाल वर्तुळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले आणि कमी दारूचे काडतूस निवडले. नळी जास्त दिवस टिकेल, असे म्हणाले. मला वाटते, त्यांना थोडे वाईटही वाटले असावे.

या प्रयोगातून काडतुसे भरण्याला अर्थ नाही, असे मात्र कोणी समजू नये. चांगली गोळी निवडणे, पुंगळ्या एकसारख्या ठेवणे, दारूचे वजन काटेकोर राखणे, याने विखुरणे खरोखर कमी होते आणि ते मोजून दाखवता येते. बाजारच्या खोक्यातल्या काडतुसाने त्यांच्या बंदुकीत दुप्पट पसारा होत असे. फक्त पाव ग्रेनच्या फरकात जादू शोधणे, हे तीन गोळ्यांच्या जिवावर करता येत नाही. आणि पसाऱ्याचा खरा आकडा कळला, की कोल्हा किती अंतरापलीकडे असला तर बंदूक उचलायचीच नाही, हेही कळते. म्हातारबुवांनी आपली मर्यादा त्या दिवशी पन्नास यार्डांनी कमी केली.

कायदा तेथे कडक आहे. १९६८ च्या कायद्याखाली प्रत्येक रायफल पोलिसांच्या परवान्यावर नोंदलेली असते. ती कशासाठी हवी याचे योग्य कारण द्यावे लागते, आणि किती काडतुसे बाळगता येतील तो आकडाही परवान्यावर असतो. हाताने भरलेली काडतुसेही त्याच आकड्यात मोजतात. प्रायमर विकत घेताना परवाना दाखवावा लागतो. बंदूक कुलपात ठेवावी लागते. काकांच्या शेजाऱ्यांना याचा कंटाळा येई, पण तक्रार त्यांनी केली नाही. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने सोळा मुले आणि त्यांची बाई यांना गोळ्या घालून मारले. ती मुले पाच-सहा वर्षांची होती, माझ्या पहिलीच्या वर्गाएवढी. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुले जवळजवळ पूर्ण बंद झाली. त्या दिवसाचा विचार मनात आला, की बंदुकीच्या कौतुकाचे शब्द माझ्या लेखणीतून जरा जपूनच उतरतात.

आता आपल्या माणसांकडे येतो, कारण या विषयात मराठी नाव कोठे आहे असे कोणी विचारील. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल सामन्यांतली नेमबाजी मँचेस्टरला झालीच नाही, ती बिझलीला झाली. पिस्तुलांच्या शर्यतींसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. तेथे मुंबईच्या अंजली भागवत यांनी रायफलमध्ये चार सुवर्णपदके मिळवली. ज्या केंद्रात त्यांनी काही नेम साधले, ते लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाचे आहे. हे सेनापती जन्माने कानपूरचे. बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांचा अचूक नेम पाहून, इंग्लंडच्या साध्या माणसालाही स्वस्तात सराव मिळावा म्हणून त्यांनी ०.२२ च्या छोट्या रायफलींच्या क्लबांची चळवळ उचलून धरली. पुढे २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेत्या झाल्या, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणले. या ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, आपल्या करंगळीच्या नखाएवढे.

गंमत अशी, की या छोट्या ०.२२ च्या काडतुसात हाताने काही भरता येत नाही. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच पसरलेला असतो. घोड्याने काठ चेपला की पुंगळी निकामी. मग अचूकता कशी साधायची? त्याचे उत्तर बर्मिंगहॅमच्या कडेला मिनवर्थ येथे ईली कंपनीच्या कारखान्यात पाहायला मिळते. तेथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातो. ती पकडीत घट्ट आवळतात, व्हिटवर्थच्या बैठकीसारखीच, आणि कारखान्याच्या निरनिराळ्या लॉटची काडतुसे त्याच नळीतून ओळीने उडवून पाहतात. यंत्र तेच, दारू तीच, तरी एका लॉटवर एक नळी खूश होते आणि दुसरीला तो मुळीच रुचत नाही. जो लॉट जुळेल, त्याची खोकी नेमबाज वर्षाची बेगमी म्हणून घेऊन जातो. तेथेही दोन-चार गोळ्यांवर निकाल देत नाहीत, एकेका लॉटच्या गोळ्या ओळीने मोजून घेतात.

बंदुकीचा धंदा ज्या शहरात दोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आला, त्या बर्मिंगहॅममध्ये २०२२ चे राष्ट्रकुल सामने भरले, तेव्हा कार्यक्रमातून नेमबाजीच वगळली गेली. भारताने निषेध नोंदवला, सामन्यांना न जाण्याची भाषाही झाली, शेवटी खेळाडू गेले. ग्लासगोच्या २०२६ च्या यादीतही नेमबाजी नाही.